छापील शुभेच्छांखालची एक ओळ

डिसेंबरचा पहिला आठवडा उलटला की मुंबईत वांद्र्याच्या हिल रोडवर, पुण्यात कॅम्पात आणि गोव्यात पणजी-मडगावच्या बाजारपेठांत कागदी तारे, गव्हाणीच्या देखाव्याचे साहित्य आणि रंगीत दिव्यांच्या माळा यांच्या जोडीला नाताळची शुभेच्छापत्रेही मांडली जातात. मोबाइलच्या जमान्यात त्यांची संख्या रोडावली आहे, हे खरे. तरीही शेजारच्या आंटींना, शाळेतल्या जुन्या सरांना, कार्यालयातील सहकाऱ्याला किंवा परदेशी गेलेल्या भावाच्या कुटुंबाला कार्ड पाठविणारी मंडळी अजून आहेत. कार्ड निवडायला दहा मिनिटे पुरतात. खरी पंचाईत होते ती घरी आल्यावर. कार्ड उघडावे तर उजव्या पानावर सोनेरी अक्षरांत इंग्रजी शुभेच्छा आधीच छापलेल्या असतात आणि त्यांच्या वर-खाली बरीच पांढरी जागा मोकळी असते. तेथे लिहायचे काय? बहुतेक जण वर नाव लिहितात, खाली सही ठोकतात आणि पाकीट बंद करून टाकतात.

अशा कार्डात वावगे काही नाही. मात्र ज्याला ते मिळते तो चित्राकडे एकदा पाहतो, छापील मजकुरावरून नजर फिरवतो आणि हाताने लिहिलेले काही आहे का, हे शोधतो. ती एक ओळ नसेल तर कार्ड कपाटावर उभे राहते खरे, पण मनात राहत नाही. ही ओळ लिहिणे अनेकांना इतके अवघड का जाते आणि ती लिहावी कशी, याचा उलगडा करायचा तर आधी या कार्डाच्या जन्माकडे वळावे लागेल. कारण नाताळचे कार्ड जन्माला आले ते मुळी लिहिण्याचा त्रास वाचावा म्हणून!

गोष्ट १८४३ सालच्या लंडनमधील आहे. नाताळ आणि नववर्षाच्या सुमारास आप्तेष्टांना सविस्तर पत्रे लिहिण्याचा तेथे रिवाज होता. १० जानेवारी १८४० पासून ब्रिटनमध्ये एका पेनीत देशात कोठेही पत्र पाठविण्याची सोय झाली आणि पत्रांचा ओघ वाढला. या टपाल सुधारणेच्या कामात ज्यांचा हात होता, त्या हेन्री कोल या सरकारी अधिकाऱ्यालाच या ओघाने पुरते गाठले. आलेल्या पत्राला उत्तर न देणे असभ्यपणाचे मानले जाई आणि कोल यांच्याकडे उत्तरे लिहायला सवड नव्हती. त्यांनी जॉन कॅलकॉट हॉर्स्ली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतले, त्याच्या सुमारे एक हजार प्रती छापविल्या आणि एका शिलिंगला एक या दराने त्या विक्रीलाही ठेवल्या. शिलिंग म्हणजे बारा पेनी. एका कार्डाच्या किमतीत बारा पत्रांचे टपाल भागले असते, यावरून हे प्रकरण काही स्वस्तातले नव्हते हे लक्षात येईल. चार्ल्स डिकन्स यांची 'अ ख्रिसमस कॅरल' ही कथा प्रसिद्ध झाली तीदेखील याच महिन्यात, १९ डिसेंबर १८४३ रोजी.

हॉर्स्ली यांच्या चित्रात मध्यभागी तीन पिढ्यांचे एक कुटुंब पेले उंचावून बसले आहे आणि दोन्ही बाजूंना गरिबांना अन्न व वस्त्र देण्याचे प्रसंग आहेत. एका लहान मुलीच्या ओठी पेला लावलेला दाखविल्यामुळे मद्यपानविरोधी मंडळींनी त्यावर टीकाही केली. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा तपशील निराळाच आहे. चित्राखाली नाताळ व नववर्षाच्या शुभेच्छा छापलेल्या होत्या आणि रिकाम्या सोडल्या होत्या त्या दोनच जागा : 'कोणास' आणि 'कोणाकडून'. नावे भरा आणि मोकळे व्हा, ही सोय पहिल्याच कार्डाने करून दिली होती. कोल यांनी आपल्या आजीला पाठविलेली त्यातील एक प्रत २००१ साली इंग्लंडमध्ये लिलावात निघाली तेव्हा तिला २० हजार पौंडांहून अधिक किंमत आली. छपाई सगळ्याच प्रतींची सारखी होती. या प्रतीवर मात्र कोणी, कोणाला पाठविले हे शाईने लिहिलेले होते.

पुढच्या काळात टपाल खात्यांनीही थोडक्यात आटोपण्यालाच उत्तेजन दिले. ब्रिटनमध्ये १८७० साली अर्ध्या पेनीचा स्वस्त दर आला आणि कार्डांचा सुकाळ झाला. आंतरराष्ट्रीय टपाल नियमांत तर छापील कागदाच्या सवलतीच्या दराने जाणाऱ्या नाताळ व नववर्षाच्या कार्डांवर हाताने शुभेच्छा लिहिण्यास मुभा होती, पण ती फार तर पाच शब्दांची! सहावा शब्द लिहिला की ते पत्र ठरे आणि पत्राचा दर लागू होई. आपल्याकडेही पाकिटाची जीभ न चिकटविता ती आत खोचून, वर 'बुक पोस्ट' असे लिहून शुभेच्छापत्रे स्वस्तात पाठविण्याची पद्धत घरोघरी होती. पाकीट उघडे, त्यात वाटेत कोणीही डोकावावे. अशा कार्डात मनातले काही लिहिणार तरी कोण? तारेची गोष्ट याहूनही पुढची होती. भारतीय तार सेवेत शुभेच्छांची वाक्ये क्रमांक देऊन ठरवून ठेवलेली होती आणि त्यांत दिवाळी, ईद यांच्याबरोबर नाताळही होता. पाठविणाऱ्याने केवळ क्रमांक द्यायचा, पोहोचविणाऱ्या कार्यालयाने त्याचे वाक्य करून द्यायचे. १४ जुलै २०१३ रोजी ही सेवा थांबली तोवर कित्येक घरांतील आनंद असा आकड्यांतून पोहोचला होता.

कार्डात लिहायला जागा मिळाली ती दुमडलेल्या कार्डामुळे. अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे १९१० साली चित्रकार्डे विकू लागलेल्या जॉइस हॉल यांनी आपल्या भावाच्या साथीने काही वर्षांतच पाकिटातून पाठवायची दुमडलेली कार्डे काढली. 'हॉलमार्क' हे नाव पुढे जगभर झाले ते याच धंद्यातून. आपल्याकडील शहरी मध्यमवर्गाला या कार्डांची सवय लागली ती त्यानंतर बऱ्याच उशिरा. 'आर्चीज'ची सुरुवात १९७९ सालची आणि शुभेच्छापत्रांच्या विक्रीतून मुलांसाठी निधी उभारणारी 'क्राय' ही संस्था मुंबईत स्थापन झाली तीही त्याच वर्षी. दुमडलेल्या कार्डाने आतले पान मोकळे करून दिले, बंद पाकिटाने खासगीपणा दिला, पण तोवर सहीपुरते लिहिण्याची सवय अंगवळणी पडून गेली होती.

नुसत्या सहीचे कार्ड काय करते, याचा एक गमतीदार पुरावा उपलब्ध आहे. अमेरिकेतील फिलिप कुन्झ या समाजशास्त्रज्ञाने १९७४ च्या नाताळात पाचशेहून अधिक पूर्णपणे अनोळखी लोकांना कार्डे पाठविली. त्यांपैकी सुमारे २० टक्के लोकांनी त्याला उलट कार्ड पाठविले. काहींनी तर कुटुंबाची खबरबात देणारी लांबलचक पत्रेही लिहिली. हा गृहस्थ कोण, याचा पत्ता नसताना! आले म्हणून पाठविले पाहिजे, ही भावना किती खोल असते हे यावरून दिसते. आपल्याकडे लग्नघरी आहेराची वही ठेवतात, कोणी काय दिले ते त्यात टिपून घेतात आणि त्यांच्या घरचे कार्य निघाले की ती वही उघडतात. कार्डांच्या याद्यांचेही पाश्चात्त्य घरांत असेच असते. हिशेब दोन्हीकडून चुकता होतो, पण बोलणे झालेले नसते.

दुसरा अभ्यास ब्रिटनमधील आहे. रॉबिन डनबार आणि रसेल हिल यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या या पाहणीत ४३ जणांच्या नाताळ कार्डांच्या याद्या तपासल्या. सरासरी ६८ कार्डे पाठविली जात होती आणि कार्ड मिळणाऱ्या घरांतील माणसे मोजली तर संख्या दीडशेच्या आसपास जात होती. माणसाला ओळख सांभाळता येईल अशा नात्यांची मर्यादाही साधारण तेवढीच असते, असे डनबार यांचे म्हणणे आहे. आपल्या कामाचा बोध एवढाच, की ६८ कार्डांत ६८ पत्रे लिहिणे कोणालाही शक्य नाही आणि तशी अपेक्षाही नाही. यादी हाती घेऊन आधी निवड करावी. ज्यांच्याशी रोज बोलणे होते त्यांना सहीदेखील पुरते. ज्यांच्याशी वर्षातून हे एकदाच बोलणे होणार आहे, त्यांच्यासाठी वेळ राखून ठेवावा. प्रत्यक्षात आपण नेमके उलटे करतो. रोज भेटणाऱ्याच्या कार्डात चार विनोद लिहितो आणि दहा वर्षे न भेटलेल्या मावशीला नुसती सही पाठवितो, कारण तिला काय लिहावे ते सुचत नाही.

हे न सुचणे म्हणजे तरी काय? अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना कोणाला तरी कृतज्ञतेचे पत्र लिहावयास लावले आणि ते मिळाल्यावर समोरच्याला कसे वाटेल, याचा अंदाज विचारला. नंतर ज्यांना पत्रे मिळाली त्यांनाही विचारले. लिहिणाऱ्यांचे अंदाज चुकले होते. समोरच्याला संकोच वाटेल, असे त्यांना जितके वाटले होते तितका तो वाटला नव्हता आणि झालेला आनंद त्यांच्या अंदाजापेक्षा जास्त होता. लिहिणारा आपली भाषा नीट जमते की नाही याच्या विवंचनेत असतो, वाचणारा मात्र त्यातील आपुलकी पाहतो. तेव्हा सुंदर वाक्याची वाट पाहत पेन धरून बसण्यात अर्थ नाही.

मग लिहावे काय? सर्वांत उपयोगी पडते ती एखादी नेमकी गोष्ट. ही ओळ दुसऱ्या कोणाला पाठविता येणार नाही, अशी असावी. 'हे वर्ष आपणांस सुखसमृद्धीचे जावो' हे वाक्य दारावर येणाऱ्या पोस्टमनपासून कंपनीच्या अध्यक्षांपर्यंत कोणालाही चालते आणि म्हणूनच ते कोणाचेच नसते. त्याऐवजी जुन्या शेजाऱ्यांना असे लिहून पाहावे : 'तुमच्या गॅलरीत यंदाही तारा पहिल्याच आठवड्यात लागला का? आमच्या नव्या इमारतीत तारा नाही आणि कुलकुलांचा डबाही नाही. दोन्हींची आठवण येते.' सहकाऱ्याला : 'मार्चअखेरच्या हिशेबांच्या वेळी तुम्ही रात्री दहापर्यंत माझ्यासोबत थांबलात, ते मी विसरलेलो नाही.' जुन्या शिक्षकांना : 'सर, मुलीला भूमिती शिकविताना परवा तुमचेच वाक्य माझ्या तोंडून गेले. तिलाही ते पटले नाही, मलाही तेव्हा पटले नव्हते!' यांत अलंकार नाहीत. दोन-तीन वाक्ये आहेत आणि प्रत्येकात एकच आठवण आहे.

एखादा प्रश्न विचारावा, मात्र तो उत्तर देता येण्याजोगा असावा. 'कसे काय चालले आहे?' याला उत्तर येत नाही. 'धाकट्याची दहावी यंदाच ना?' याला येते. आणि 'एकदा निवांत भेटू या' हे वाक्य शक्यतो टाळावे. वर्षानुवर्षे तेच वाक्य जात-येत राहिले की दोन्ही बाजूंना ते खोटे वाटू लागते. भेटायचेच असेल तर 'जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी वसईला येत आहोत, सकाळी घरी आहात का?' असे लिहावे. भेटणे होणार नसेल तर तो विषयच काढू नये.

आतापर्यंतचे सारे तसे सोपे होते. या छोट्या जागेची खरी कसोटी लागते ती ज्या घरात त्या वर्षी कोणी गेले आहे, तेथे कार्ड पाठविताना. अशा वेळी हात आखडतो. घरात वर्षभरात मृत्यू झाला असेल तर सण साजरा न करण्याची रीत आपल्याकडील अनेक घरांत आहे. त्यामुळे शुभेच्छा द्याव्यात की नाही, या संभ्रमात आपण कार्डच पाठवीत नाही. परिणाम असा होतो, की ज्या घराला सणाच्या दिवसांत माणसांची सर्वाधिक गरज असते, त्याच घराची टपालपेटी रिकामी राहते. ख्रिस्ती घरात अशा वर्षी गाणे-बजावणे, मेजवानी टळते, पण उपासना थांबत नाही. नाताळ येतोच आणि घरातील एक खुर्ची रिकामी असतानाच येतो.

तेव्हा कार्ड जरूर पाठवावे. सांताक्लॉजचे, हसऱ्या हरणांचे मात्र नको. मेणबत्ती, तारा, गव्हाणी असे शांत चित्र असलेले, आत शक्यतो कोरे असलेले कार्ड घ्यावे. 'आनंदी', 'मौजेचा' अशी विशेषणे गाळावीत. आणि गेलेल्या माणसाचा उल्लेख टाळू नये. आठवण काढली तर त्यांना दुःख होईल, अशी आपली समजूत असते. दुःख तेथे आहेच, ते आपल्या ओळीने निर्माण होत नाही. भीती असते ती आपल्या माणसाला लोक विसरले याची. 'आंटी, यंदाचा देखावा अंकलच्या हातचा नसेल. डोंगरासाठी माती आणि गोणपाट आणायला ते आम्हा पोरांना कसे पिटाळायचे, ते आठवते. पंचवीस तारखेला संध्याकाळी आम्ही दोघे येऊन जाऊ. काही करत बसू नका.' एवढे पुरे होते. 'काळ हेच औषध', 'देवाची इच्छा', 'तुम्ही धीर धरायला हवा' ही वाक्ये दुरून उपदेश करणाऱ्याची आहेत, ती त्या पांढऱ्या जागेत नकोत.

येथे पाकिटावरील नावाचा मुद्दाही येतो. तो क्षुल्लक वाटतो, पण जखम याच ठिकाणी होते. जुन्या यादीवरून पत्ते उतरवून घेताना 'श्री. व सौ.' हे शब्द सवयीने लिहिले जातात आणि वर्षभरापूर्वी पती गमावलेल्या बाईंच्या हाती ते पाकीट पडते. विभक्त झालेल्या दांपत्याचेही तसेच. यादी हाती घेतल्यावर पहिले काम करावे ते हेच : या वर्षात कोण गेले, कोणाचे लग्न झाले, कोणाकडे बाळ आले, कोण वेगळे राहू लागले, याची खूण करून घेणे. नव्या बाळाचे नाव पाकिटावर घातले तर आई-वडिलांना होणारा आनंद छापील चार ओळींपेक्षा मोठा असतो.

दुर्धर आजाराशी झगडणाऱ्याला 'लवकर बरे व्हा' असे लिहिणे क्रूरपणाचे ठरू शकते. बरे होणे हातात नाही, हे त्याला आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असते. त्याला बाहेरच्या जगातील काही सांगावे, जुनी गंमत आठवून द्यावी आणि शेवटी 'उत्तर लिहिण्याची तसदी घेऊ नका' असे आवर्जून लिहावे. ज्यांच्याशी बोलणे तुटले आहे, अशा भावाला किंवा मैत्रिणीलाही सणाचे निमित्त साधून कार्ड धाडता येते. मात्र त्यात जुन्या भांडणाचा निकाल लावू नये, क्षमेची अटही घालू नये. 'बऱ्याच दिवसांत बोलणे झाले नाही. तुझी आठवण येते.' सही. त्यापुढे एक शब्दही नको. उत्तर येईल किंवा येणार नाही, पण लिहिणाऱ्याने दार लोटलेले असते.

भाषा कोणती वापरावी, हा प्रश्न मराठी माणसाला हमखास पडतो. कार्ड इंग्रजी, सण ख्रिस्ती, तेव्हा मजकूरही इंग्रजीतच हवा, असे आपण गृहीत धरतो. त्याची मुळीच गरज नाही. 'नाताळ' हा आपला शब्दच मुळी पोर्तुगीज 'नाताल'वरून आला आणि कोकणी-मराठीत मुरून गेला. वसईच्या गावांतून आणि अहिल्यानगर परिसरात पिढ्यान्‌पिढ्या मराठीत प्रार्थना करणारे ख्रिस्ती समाज आहेत. तेव्हाच्या अहमदनगरात मिशनऱ्यांनी सुरू केलेले 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ सालचे, म्हणजे कोल यांच्या कार्डापेक्षा एक वर्षाने वडील! रेव्हरंड ना. वा. टिळक, लक्ष्मीबाई टिळक यांच्यापासून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यापर्यंत ख्रिस्ती लेखकांनी मराठीला दिलेले देणे तर सर्वज्ञात आहे. दिब्रिटो २०२० साली उस्मानाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. ज्या घराशी आपण एरवी मराठीत बोलतो त्या घराला कार्डही मराठीत लिहावे. 'सप्रेम नमस्कार' आणि 'लोभ असावा' हे शब्द नाताळच्या कार्डात जराही परके वाटत नाहीत. तयार साच्यांची आवड आपल्यालाही कमी नाही, हे जाता जाता कबूल केले पाहिजे. 'सा. न. वि. वि.' लिहून साष्टांग नमस्कार चार अक्षरांत उरकणारे आपणच.

दुसऱ्या धर्माच्या सणाला लिहिताना किती धार्मिक व्हावे, याचाही काहींना पेच पडतो. आपली नसलेली श्रद्धा उसनी आणू नये आणि त्यांची श्रद्धा पुसूनही टाकू नये. 'ख्रिस्तजन्माच्या या सणानिमित्त तुम्हा सर्वांना मनापासून शुभेच्छा' हे वाक्य कोणत्याही धर्माचा माणूस प्रामाणिकपणे लिहू शकतो. सर्व धर्म कसे एकच शिकवण देतात, यावरचे प्रवचन तेवढे टाळावे. उलट टोकाचा सावधपणाही उपयोगाचा नाही. २००५ साली अमेरिकेत व्हाइट हाउसच्या कार्डावर नाताळचे नाव न घेता सुटीच्या मोसमाच्या शुभेच्छा दिल्या गेल्या, तेव्हा अध्यक्ष जॉर्ज बुश यांच्याच समर्थकांतील काहींनी नाराजी दर्शविली होती. हजारो अनोळखी लोकांना पाठविताना मोघम राहण्याला कारण असते, पण जो माणूस नाताळ साजरा करतो हे आपल्याला पक्के ठाऊक आहे, त्याला नाताळच्याच शुभेच्छा द्याव्यात. 'एक्समस' या लघुरूपाविषयी गैरसमज आहे. त्यातील पहिले अक्षर म्हणजे ख्रिस्त या शब्दाचे ग्रीक आद्याक्षर, आणि ते जुन्या धार्मिक लेखनातूनच आलेले आहे. त्यात अवमान नाही. तरी अनेकांना ते खटकते, म्हणून पूर्ण शब्द लिहिलेला बरा.

पाश्चात्त्य देशांत कार्डासोबत वर्षभराच्या घडामोडींचे छापील परिपत्रक जोडण्याची प्रथा आहे. मुलांची बक्षिसे, नवी गाडी, सहलींचा वृत्तान्त आणि मांजराचे पराक्रम असा त्याचा सर्वसाधारण मजकूर असतो. ब्रिटिश पत्रकार सायमन हॉगार्ट यांनी वाचकांकडून आलेली अशी पत्रे जमवून २००४ साली त्यांचे एक पुस्तकच काढले आणि ब्रिटन पोटभर हसले. परदेशस्थ मराठी कुटुंबांकडूनही हल्ली कुटुंबाचे छायाचित्र आणि सर्वांची नावे छापलेले कार्ड येते. छायाचित्र आजी-आजोबांना हवेच असते, त्याबद्दल तक्रार नाही. फक्त त्याच्या मागील बाजूस नातवाने स्वतःच्या वाकड्या-तिकड्या देवनागरीत 'आजी' एवढे लिहिले, तर ते कार्ड देवघराशेजारी जाते.

मोबाइलच्या संदेशाचे काय, असे कोणी विचारील. जगातील पहिला लघुसंदेश हा नाताळचाच होता. ३ डिसेंबर १९९२ रोजी नील पॅपवर्थ या अभियंत्याने संगणकावरून व्होडाफोनच्या रिचर्ड जार्व्हिस यांच्या फोनवर 'मेरी ख्रिसमस' हे दोन शब्द पाठविले. जार्व्हिस यांना त्याच फोनवरून उत्तर देता आले नाही, कारण तेव्हाच्या फोनमध्ये संदेश टंकण्याची सोयच नव्हती. आज उत्तराची सोय आहे, पण पुढे ढकललेल्या चित्राला उलट चित्र ढकलणे हेच उत्तर होऊन बसले आहे. संगणकाला सांगितले की तो हृद्य शुभेच्छाही क्षणात लिहून देतो. कागद असो वा पडदा, कसोटी तीच आहे. कुलकुलांचा डबा आणि देखाव्यासाठीचे गोणपाट यंत्राला माहीत नसते. संदेश मोबाइलवरूनच पाठवायचा असेल तर तो एकाच माणसासाठी लिहावा आणि त्यात त्याचे नाव असावे.

कागदाचे दिवस मात्र मोजके राहिले असावेत, अशी चिन्हे आहेत. क्षयरोग निर्मूलनासाठी नाताळच्या पाकिटांवर चिकटवायची धर्मादाय तिकिटे १९०४ साली डेन्मार्कमधील एका टपाल कर्मचाऱ्याच्या कल्पनेतून निघाली. त्याच डेन्मार्कमध्ये सरकारी मालकीच्या टपाल कंपनीने २०२५ च्या डिसेंबरअखेर घरोघरी पत्रे पोहोचविण्याचे काम बंद केले. तेथे आता हे काम खासगी कंपनीकडे गेले आहे.

थोडे व्यवहाराचे. गुळगुळीत कागदावर जेल पेनची शाई पसरते, म्हणून साधे बॉलपेन घ्यावे आणि कार्ड मिटण्यापूर्वी शाई वाळू द्यावी. कठीण कार्डाचा मजकूर आधी रद्दी कागदावर लिहून पाहावा आणि एकदा मोठ्याने वाचावा. तोंडी बोलताना जे वाक्य आपण कधीच वापरणार नाही, ते तेथे कळते. छापील मजकुराखाली दाटीवाटी करण्यापेक्षा डावीकडील कोऱ्या पानावर लिहिलेले चांगले. खाली साल घालायला विसरू नये. वीस वर्षांनी ट्रंकेतून कार्ड निघाले तर तेवढ्यावरूनच पुढचे सगळे आठवते. एका बैठकीत पाच-सहाहून अधिक कार्डे लिहू नयेत, कारण सातव्या कार्डापासून ओळी सारख्या होऊ लागतात.

टपाल लवकर टाका, अशी विनंती ब्रिटनच्या टपाल खात्याला १८८० सालापासून करावी लागत आहे आणि लोक तेव्हापासून ती ऐकत नाहीत. देशातल्या देशात आठ-दहा दिवस आणि परदेशासाठी किमान तीन आठवडे हाताशी ठेवलेले बरे. तरीही उशीर झालाच, तर कार्ड फाडून टाकू नये. ख्रिस्ती पंचांगात नाताळ पंचवीस डिसेंबरला संपत नाही, त्या दिवशी तो सुरू होतो. तो पुढे ६ जानेवारीला येणाऱ्या तीन राजांच्या सणापर्यंत चालतो. गोव्यात रेइश मागुश, चांदोर, कांसावली येथे तो दिवस थाटाने साजरा होतो. चार-पाच जानेवारीला दारात पडलेले कार्डही नाताळातच पोहोचलेले असते.